स्पर्धा संपेपर्यंत कैलासवासी

बोरढेक येथील श्री भैरवनाथ क्रीडा मंडळाच्या वार्षिक सभेत अशी बाब निदर्शनास आली, की मंडळाला चाहते आहेत, परंतु ते सध्या कुठे आहेत याची मंडळाकडे कोणतीही माहिती नाही. पूर्वी ते मैदानाभोवती असायचे. बाभळीवर चढून, ट्रॅक्टरच्या टपावर बसून, हातातली तंबाखू मळायची विसरून कबड्डी बघायचे. हल्ली सामन्याला दोन संघ, पंच, चहावाला आणि गुंडाआबा एवढेच हजर असतात, आणि चहावालाही मध्यंतरानंतर किटली घेऊन निघून जातो. सभेने याबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली आणि चहा मागवला.

चाहते मोबाइलमध्ये गेलेत, हा शोध अध्यक्ष हंबीररावांनी लावला. तो लावला तेव्हा ते स्वतःही मोबाइलमध्येच होते. लगोलग 'चाहता सहभाग धोरण' मंजूर झालं आणि वीरधवल नावाच्या तरुणाची डिजिटल प्रमुख म्हणून नेमणूक झाली. वीरधवलला कबड्डी येत नव्हती, पण त्यानं सांगलीला एक दिवसाची कार्यशाळा केली होती. क्रीडा संस्थांनी समाजमाध्यमांतून चाहते कसे जोडावेत, असा तिचा विषय होता. तिथून तो प्रमाणपत्र, पाण्याची बाटली आणि आत्मविश्वास घेऊन परतला होता.

कार्यशाळेत सांगितलेलं सगळं त्यानं इमानेइतबारे केलं. रोज पोस्ट टाका, असं सांगितलं होतं, त्यानं टाकली. चाहत्यांना प्रश्न विचारा, असं सांगितलं होतं. त्यानं विचारलं, 'आज कोण जिंकणार?' त्यावर एकच उत्तर आलं, की ठिबकच्या जुन्या नळ्या विकणे आहे. निर्णयात चाहत्यांना सामील करा, असं सांगितलं होतं. म्हणून सामना चालू असताना चढाई डाव्या कोपऱ्यावर करावी की उजव्या, यावर त्यानं मंडळाच्या पेजवर मतदान घेतलं. मतदान संपेपर्यंत चढाईपटू मध्यरेषेजवळ 'कबड्डी कबड्डी' म्हणत उभा राहिला. दम संपला, वेळ संपली, गडी बाद झाला. निकाल आला तेव्हा दोन्ही संघ जेवायला बसले होते. बहुमत डावीकडे होतं.

या सगळ्याकडे गुंडाआबा मैदानाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवरून बघत असत. आबा मंडळाचे संस्थापक. तरुणपणी चढाईला गेले की समोरचे सातही जण आधी आपापले घोटे चाचपत, असं आबा स्वतःच सांगत. गुडघे गेल्यापासून त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. दरवर्षी स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी मध्यरेषेवर नारळ फोडायचा. हा मान मंडळ निघाल्यापासून त्यांचा, आणि यंदा तर मंडळाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. आबांनी नवं धोतर आणून ठेवलं होतं आणि नारळ एका फटक्यात फुटावा म्हणून ते परसात अधूनमधून दगडावर हात चालवून बघत. चाहते आले काय नि गेले काय, आबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना नारळ फोडायचा होता आणि एकदा तरी हुलगेवाडीला हरवलेलं बघायचं होतं. जत तालुक्यातला तो संघ गेली कित्येक वर्षं येऊन चषक घेऊन जात होता, आणि जाताना रस्सा चांगला झाला होता, असंही सांगून जात होता.

अशात आबांची पंच्याहत्तरी आली. मंडळाच्या पेजवर शुभेच्छा देणं क्रमप्राप्त होतं. वीरधवलनं आबांचा सत्कारातला फोटो घेतला. त्यात गळ्यात हार होता. फोटोला जुनेपणाची शान यावी म्हणून तो काळा-पांढरा केला. चौकट शोधली, तर फुग्यांच्या चौकटीला पैसे पडत होते आणि दोन समयांची फुकट होती. खाली व्यवस्थित लिहिलं, 'आमचे आधारस्तंभ गुंडाआबा यांना अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. मजकुरात एकही चूक नव्हती, हे पुढे झालेल्या चौकशीतही मान्य करण्यात आलं.

पहिली प्रतिक्रिया शेजारच्या गावच्या एका माजी उपसरपंचांची आली. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दुसऱ्यानं पहिल्याची वाचली आणि तीच लिहिली. तिसऱ्यानं दोघांची वाचली. फोटोखालचा मजकूर वाचायला कुणालाच सवड नव्हती, कारण दुःख फार अचानक झालं होतं. दुपारपर्यंत कबड्डीचा आधारवड कोसळला होता, संध्याकाळपर्यंत एका युगाचा अंत झाला होता. आबांच्या पुण्यातल्या पुतण्यानं सकाळी फोन करून काकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या आणि पाच मिनिटं गप्पाही मारल्या होत्या. दुपारी त्यानंच लिहिलं, 'काका, पोरकं करून गेलात.' नंतर आलेली माहिती अधिक ताजी धरावी, असा त्याचा हिशेब असावा.

आबांची सून शिवांजली ओट्याशी उभी राहून हे सगळं वाचून दाखवत होती. मनुबाई, म्हणजे आबांच्या पत्नी, कणीक मळता मळता थांबल्या आणि ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्या घराण्याचा उद्धार करू लागल्या. आबा मात्र कान देऊन ऐकत होते. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. आयुष्यभर ज्या माणसानं रामराम घातला नव्हता तो आज म्हणत होता, की असा चढाईपटू पुन्हा होणे नाही. आबांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग चष्मा लावून स्वतः वाचली. उद्या मंडळात जाऊन दुरुस्ती करायला सांगू, पण अगदी सकाळीच नको, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आबा मंडळाच्या कार्यालयात गेले तेव्हा वीरधवल आणि हंबीरराव एका आलेखाकडे बघत होते. आलेखावरची रेघ इतके महिने जमिनीला टेकून होती, ती वाढदिवसाच्या दिवशी उभी चढली होती. पेजला एका दिवसात पंचक्रोशीच्या लोकसंख्येपेक्षा जास्त चाहते मिळाले होते. हंबीररावांनी उठून आबांना खुर्ची दिली. इतक्या वर्षांत ती त्यांनी पहिल्यांदाच दिली.

आबांनी मागणी मांडली. ते जिवंत आहेत, एवढंच पेजवर टाकावं. वीरधवलनं ती रास्त मानली आणि तिथंच पोस्ट टाकली. 'गुंडाआबा सुखरूप आहेत', सोबत आबांचा खुर्चीवरचा ताजा फोटो. तिघेही मोबाइलकडे बघत बसले. पहिला अंगठा वीरधवलचाच होता. दुसरा चुकून पडला असावा, कारण लगेच काढला गेला. मग राग आला. लोकांनी विचारलं, भावनांशी खेळता काय? आम्ही काल रडलो ते काय खोटं होतं? एकानं लिहिलं, मेलेल्या माणसाचा फोटो वापरून असले धंदे करता, लाज वाटत नाही का? चाहते भराभरा पेज सोडून जाऊ लागले आणि रेघ आबांच्या डोळ्यांदेखत खाली वाकली.

"काढ, काढ ती," हंबीरराव म्हणाले. वीरधवलनं पोस्ट काढली. रेघ थांबली.

मग हंबीररावांनी आबांना समजावून सांगितलं, की हा प्रश्न व्यक्तीचा नसून संस्थेचा आहे. स्पर्धा तोंडावर आलीय. विट्याच्या एका बोअरवेलवाल्यानं आज सकाळीच फोन करून 'आबांच्या स्मृतीला' म्हणून संघाला नवी जर्सी देऊ केलीय. जिवंत आबांसाठी त्यानं आजवर टोपीसुद्धा दिली नव्हती. तेव्हा आबांनी मोठ्या मनानं स्पर्धा संपेपर्यंत आहे त्या स्थितीत राहावं. नंतर योग्य वेळ बघून त्यांना टप्प्याटप्प्यानं जिवंत करण्यात येईल.

"आन् नारळ?" आबांनी विचारलं.

"नारळ तुमचाच, आबा. त्यात बदल न्हाई. मान तुमचा तो तुमचाच."

याच एका आश्वासनावर आबा तात्पुरत्या स्वरूपात दिवंगत राहायला तयार झाले. तसा ठराव झाला. अनुमोदक म्हणून कुणी नव्हतं, तेव्हा आबांनीच हात वर केला.

वास्तविक आबा त्याच आठवड्यात बंड करायचे, पण मध्येच त्यांच्या मुलाचा फोन आला. मुलगा अर्जुना लष्करात, दूर सरहद्दीवर. तिथं कुणीतरी त्याला पेज दाखवलं होतं. तो आधी हमसून रडला, मग घरी फोन केल्यावर हसला, आणि मग अडचण सांगू लागला. तो रडत होता तेवढ्या वेळात साहेबांनी त्याची सुट्टी मंजूर केली होती. गेल्या दोन जत्रांना त्यानं मागितली तेव्हा मिळाली नव्हती.

"आबा, आता रद्द केली तर पुन्हा वरीसभर मिळायची न्हाई," अर्जुना म्हणाला. "येऊन जातो तंवर कळ काढा की जरा."

आबांनी कळ काढायचं कबूल केलं. बापाला पोराचं तोंड बघायचं होतं, आणि त्यासाठी मरण हा एकच मार्ग प्रशासकीय दृष्ट्या मोकळा होता. त्यांनी बाहेर पडणं कमी केलं. पेजचे चाहते हल्ली गावात येऊन आबांच्या घरासमोर उभं राहून फोटो काढत, आणि आबा ओसरीवर दिसले की त्यांना हातानं बाजूला व्हायला सांगत. आबा बाजूला होत.

मग स्पर्धेचं नाव बदललं. 'सुवर्णमहोत्सवी चषक' जाऊन 'कै. गुंडाआबा स्मृतिचषक' आला. जर्सी आली. तिच्यावर पुढे-मागे आबांचा हार घातलेला फोटो होता, छातीभर, आणि खाली बोअरवेलचा नंबर. त्याशिवाय आबांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. तो मनुबाईंनी स्वीकारायचा होता. हे सांगायला वीरधवल घरी आला तेव्हा आबा त्याच्यासमोर कांदा फोडून भाकरी खात बसले होते. पुरस्काराचं मनुबाईंनी ऐकून घेतलं. मग वीरधवल जरा अवघडला आणि म्हणाला, की फक्त फोटोपुरतं कपाळावरचं कुंकू नसलं तर बरं. चाहते बारकाईनं बघतात. आणि पुसायचं जिवावर येत असेल तर नका पुसू, मोबाइलमध्येही ते काढता येतं.

मनुबाईंनी हातातली परात खाली ठेवली.

"माझं कुकू तुझ्या मोबाइलात न्हाई लावलेलं, बाबा. मालक हितं बसून कांदा खात्यात. तुला दिसत न्हाई तर तुझ्या आयला विचार, तिला दिसंल."

वीरधवलनं मान खाली घातली आणि पुरस्कार घरपोच देण्याची पर्यायी व्यवस्था करण्यात येईल, असं कळवलं. जाताना त्यानं आबांच्या ताटाचा फोटो काढला. 'आबांची आवडती न्याहारी' या नावानं तो पेजवर गेला आणि हजारोंना गहिवरून आलं.

लिहिणारे हजारो होते, पण पायरी चढून घरात एकही माणूस आला नव्हता. ही गोष्ट आबांच्या लक्षात जरा उशिरा आली. दुखवट्याला माणूस येतो, दारात बसतो, तंबाखू मळतो, गेलेल्याच्या दोन आठवणी सांगतो. हात जोडलेली चित्रं पोत्यानं आली होती, पण दारात चपला निघाल्या नव्हत्या. चौदा गावांत सामने खेळलेल्या माणसाच्या दाराशी कुणी नाही म्हटल्यावर आबांना पहिल्यांदाच खरोखर मेल्यासारखं वाटलं. मनुबाईंना त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

दोन दिवसांनी चपला निघाल्या. बिराप्पा आला. बिराप्पा हुलगेवाडीचा. तरुणपणी कोपऱ्यात उभा राहायचा आणि आबांचा घोटा धरला की पंचांनी शिट्टी वाजवली तरी सोडायचा नाही. आबांच्या डाव्या पायाचं दुखणं त्याच्याच हातचं. त्याच्याकडे मोबाइल नव्हता. नातवानं सांगितलं तसा तो पहाटे निघाला, जतहून एस.टी. धरली, विट्याला बदलली आणि दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरी फडक्यात बांधून घेऊन आला. अंगणात आला तर आबा दाढी करत बसलेले.

बिराप्पानं फडकं खाली ठेवलं. मग पायरीवर बसला आणि पाय चेपू लागला.

"मेला न्हाईस व्हय?"

"न्हाई."

"मग कळवायचंस की रं. दोन एस.ट्या बदलून आलोय. उभा राहून."

आबांनी त्याला सगळी हकिकत सांगितली. पेज, रेघ, जर्सी, अर्जुनाची सुट्टी. बिराप्पाला त्यातलं फारसं कळलं नाही, पण माणूस जिवंत आहे एवढं कळलं, आणि तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. त्यानं फडकं सोडलं. आबा स्वतःच्या दुखवट्याचं पिठलं जेवले. चांगलं झालं होतं, फक्त मीठ जरा जास्त होतं. बायको रडत रडत करत होती, असं बिराप्पानं सांगितलं. हे ऐकून आबांना इतकं भरून आलं, की त्यांनी आणखी अर्धी भाकरी घेतली. आता स्पर्धा बघूनच जा, असं म्हणून त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

स्पर्धा सुरू झाली आणि बोरढेकचा संघ जिंकू लागला. ही घटना इतकी अनपेक्षित होती, की मंडळानं ढोल-ताशा सांगितलाच नव्हता. विजयाचं कारण तंत्रात नव्हतं, जर्सीत होतं. समोरचा चढाईपटू आत यायचा, बोरढेकच्या गड्याला लाथ घालायचा, आणि त्याचा पाय थेट आबांच्या फोटोला लागायचा. मेलेल्या वडीलधाऱ्याला पाय लागला म्हटल्यावर आपल्याकडे माणूस काय करतो? बिचारा तिथल्या तिथं वाकायचा, फोटोला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा. तो दोन्ही डोळे मिटून क्षमा मागत असतानाच बोरढेकचे सातही जण त्याच्यावर पडायचे. पंचांनाही यात नियमभंग दिसेना. उलट त्यांनी खेळाडूंच्या संस्कारांचं कौतुक केलं. पेजवर या पकडीला 'आबांची पकड' असं नाव मिळालं.

आबा हे घरी मोबाइलवर बघत होते. मैदान त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. आरडाओरडा आधी खिडकीतून यायचा आणि पकड नंतर मोबाइलवर दिसायची. पहिल्या दिवशी त्यांनी मांडीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी मारली नाही. तिसऱ्या दिवशी बिराप्पाकडे बघायची त्यांना लाज वाटू लागली.

"ह्यो काय खेळ न्हाई, गुंडा," बिराप्पा शेवटी म्हणाला. "मी तुझा पाय धरला त्यो इमानानं धरला."

अंतिम सामना हुलगेवाडीशीच पडला. त्या दिवशी आबांनी नवं धोतर नेसलं. सुट्टीवर आलेला अर्जुना म्हणाला, आबा, मी परवा परत जाणार, मग काय ते करा. पण आबांनी ऐकलं नाही. ते बिराप्पाचा हात धरून मैदानाकडे निघाले. मनुबाई ठसठशीत कुंकू लावून आणि अर्जुनाला घेऊन मागोमाग निघाल्या.

मैदान भरलं होतं. बाभळीवरसुद्धा माणसं होती. इतकी माणसं आबांनी त्यांच्या ऐन उमेदीतही पाहिली नव्हती. मात्र खेळाकडे थेट कुणीच बघत नव्हतं. प्रत्येकानं मोबाइल डोळ्यांसमोर धरला होता आणि पुढच्याच्या मोबाइलमध्ये त्याच्या पुढचा मोबाइल दिसत होता. मध्यरेषेच्या टोकाला एका खुर्चीत आबांचा मोठा फोटो ठेवला होता आणि त्यापुढे नारळ. लाउडस्पीकरवर वीरधवलनं जाहीर केलं, की आता कै. गुंडाआबा यांच्या प्रतिमेच्या शुभहस्ते नारळ फोडण्यात येत आहे. सगळे शांत उभे राहिले. प्रतिमेला हात नव्हते. थोड्या वेळानं नारळ फोडण्यात आल्याचं जाहीर झालं आणि टाळ्या पडल्या. नारळ होता तसाच उचलून खुर्चीखाली ठेवला गेला.

गर्दीच्या मागच्या कडेला उभ्या असलेल्या आबांचा हात आपोआप वर झाला होता. तो त्यांनी खाली घेतला.

सामना रंगला असं म्हणता येणार नाही. हुलगेवाडीचे गडी एकेक करून आबांच्या पाया पडत होते आणि बाद होत होते. बोरढेक कधी नव्हे ते पुढे होतं. आबा ज्याच्यासाठी इतकी वर्षं खुर्चीवर बसून राहिले ते त्यांच्यासमोर घडत होतं, आणि त्यांना ते बघवेना. हुलगेवाडीच्या एका कोवळ्या पोरानं मोठी उडी मारली, पाय फोटोला लागला, पोरगं वाकलं आणि सात जणांखाली दिसेनासं झालं. तेव्हा आबांनी काठी बिराप्पाकडे दिली आणि ते रेषा ओलांडून मैदानात गेले. खुर्चीतला आपला फोटो त्यांनी उलटा करून ठेवला.

"थांबा," ते म्हणाले. "मी मेलेलो न्हाई. गुंडा हाय मी, जिता. पायाबिया पडू नगा, खेळा."

मग वीरधवलला कार्यशाळेतलं एक वाक्य आठवलं, की अडचण आली की तिचंच थेट प्रक्षेपण करावं. तो लाउडस्पीकरवर ओरडला, की साक्षात आबा दर्शनाला आले आहेत. हजारो मोबाइल एकदम वर झाले. बायकांनी मोबाइल न सोडता हात जोडायचा प्रयत्न केला. आबा म्हणत होते, आरं मी खरा हाय. पेजवर लोक लिहीत होते, आवाजसुद्धा अगदी तसाच. हंबीररावांनी लांबूनच नमस्कार केला, आणि त्यांनी तर आबांना परवाच चहा पाजला होता.

आबा गर्दीजवळ गेले. प्रत्येक चेहऱ्यासमोर त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत होता, लहानसा, हलणारा.

"हात लावून बघा रं. कबड्डी बघायला आलाय न्हवं? हात लागल्याबिगर काय खरं असतंय का? एकानं तरी लावा."

कुणी लावला नाही. मनात नव्हतं असं नाही. हात मोकळे नव्हते. तेवढ्यात मागून बिराप्पा काठी टेकत मध्यरेषा ओलांडून आला आणि त्यानं आबांच्या पाठीत एक सणसणीत थाप घातली.

"लागला," तो म्हणाला. "बाद हाईस, गुंडा. चल घरी."

पंचांनी शिट्टी वाजवली, मध्येच थांबलेली ती चढाई रद्द केली आणि मैदानात विनापरवाना शिरल्याबद्दल दोघा म्हाताऱ्यांना बाहेर काढलं. पण थाप पडताना आवाज झाला होता, आणि तो त्या हुलगेवाडीच्या पोरानं ऐकला होता. भुताच्या पाठीचा असा आवाज येत नाही, एवढं त्याला कळलं. पुढच्या चढायांत त्यानं जर्सीवरच्या आबांच्या फोटोवर मनसोक्त लाथा घातल्या, एकदाही वाकला नाही, आणि एकामागून एक सगळा बोरढेक बाद केला. चषक हुलगेवाडीला गेला. रस्सा चांगला होता, असं त्यांनी यंदाही सांगितलं.

गर्दी व्हिडिओ टाकायला नेटवर्क शोधत टेकडीकडे गेली. मैदानात खुर्ची राहिली होती. मनुबाईंनी खुर्चीखालचा नारळ काढून आबांच्या हातात दिला. आबांनी तो मध्यरेषेवर आपटला. एका फटक्यात फुटला नाही, तीन लागले. चौघांनी, म्हणजे आबा, मनुबाई, बिराप्पा आणि परवाच्या गाडीचं तिकीट खिशात असलेला अर्जुना, तिथंच बसून खोबरं खाल्लं. आबा मुलाच्या मांडीवर हात ठेवून बसले होते. आयुष्यात इतकं गोड खोबरं खाल्लं नाही, असं ते नंतर म्हणाले.

मंडळानं पराभवाची चौकशी केली. आबांनी ऐन मोक्याच्या क्षणी जिवंत राहून संस्थेचं नुकसान केलं, असा निष्कर्ष निघाला आणि टप्प्याटप्प्यानं जिवंत करण्याचा प्रस्ताव बेमुदत पुढे ढकलण्यात आला. मैदानातल्या दर्शनाच्या व्हिडिओनं पेजचे सगळे विक्रम मोडले होते. वीरधवलला आता पुण्याच्या एका क्लबनं बोलावलं आहे.

आबा ठणठणीत आहेत. दुपारी जेवण झालं, की शिवांजलीकडून ते श्रद्धांजल्यांतली थोडी थोडी नावं वाचून घेतात. ज्यानं ज्यानं हात जोडले त्यानं येऊन एकदा हात लावून जावं, अशी त्यांची इच्छा आहे. बोरढेक कडेगावपासून लांब नाही आणि घर कुणीही दाखवतं. अजून कुणी आलेलं नाही.

परवा वाचता वाचता तुमचंही नाव आलं. आबांना बरं वाटलं. वाचणारा माणूस दिसतोय, हा येईल, असं ते म्हणाले. तुम्हाला आठवत नसेल. साहजिक आहे. त्या दिवशी सकाळी चहा घेताना तुम्ही एका दमात सहा जणांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती, आणि त्यातल्या दोघांचा वाढदिवस होता.